चहाची सुई चिरायची नाही, फोडायची

ग्वांगझौच्या फांगत्सुन भागात चहाचा मोठा घाऊक बाजार आहे. गल्ल्याच्या गल्ल्या चहाच्या, आणि मधूनमधून चहाच्या सामानाची दुकानं. या दुकानांत एक लाकडी संच हमखास मांडलेला असतो. उभा डबा, त्यात एक पळी, एक लांब दांड्याचा चमचा, एक सुई, एक चिमटा आणि एक बुटकं नरसाळं. सगळ्यांना मिळून इथले लोक चहाचे 'सहा सज्जन' म्हणतात. भारतातून कामासाठी आलेली माणसं परत जाताना हाच संच घेऊन जातात, कारण तो दिसायला सुरेख असतो, हलका असतो आणि सामानात फुटत नाही. पुढे तो पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये जाऊन बसतो. मला ते बघवत नाही. ही कामाची हत्यारं आहेत, आणि नीट केलेली असतील तर फार सुंदर काम करतात.

मी इथे एका आयातदारासाठी घरगुती सामानाची तपासणी करते. कारखान्यात जायचं, खोकी उघडायची, कडा आणि सांधे बघायचे, पॉलिशवरून बोट फिरवायचं, वास घ्यायचा. बाबा कुडाळजवळ सुतारकाम करायचे, त्यामुळे लाकूड हातात आलं की आधी त्याची रेघ कुठून कुठे जाते ते बघायची सवय मला नोकरीच्या कितीतरी आधीपासूनची. चिनी चहाकडे मी याच वाटेने आले. चहाची चव नंतर कळायला लागली, चिमटा आधी आवडला.

ज्यांनी हा चहा कधी प्यायला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोंगफू पद्धतीचा चहा म्हणजे थोडं पाणी आणि भरपूर पत्ती. 100 ते 120 मिलिलिटरची छोटी किटली किंवा झाकणाची वाटी, जिला गायवान म्हणतात, त्यात 7-8 ग्रॅम पत्ती. वरून उकळतं पाणी, आणि काही सेकंदांत ते ओतून काढायचं. तीच पत्ती पुन्हा, आणि पुन्हा. दर खेपेला चव थोडी सरकते, आणि ते सरकणं चाखण्यासाठीच हा खटाटोप असतो. पेले अगदी दोन घोटांचे.

या सगळ्यात पत्तीला आणि भांड्यांना हात लावायचे प्रसंग बरेच येतात. पत्ती डब्यातून काढायची, पाहुण्याला दाखवायची, अरुंद तोंडातून आत घालायची, चोचीत अडकली तर मोकळी करायची, गरम पेले विसळायचे, शेवटी फुगलेली ओली पत्ती बाहेर ओढायची. हे बोटांनी करता येतं, पण करू नये. कोरडी पत्ती वास ओढून घेण्यात फार तरबेज असते. हाताचा साबण, क्रीम, सकाळी सोललेला लसूण, सगळं तिला लागतं. आणि पेले तर बोटात धरवत नाहीत इतके तापलेले असतात. लाकूड आणि बांबू मधे येतात ते यासाठी. धातूचा चिमटा पातळ चिनीमातीच्या काठाचा टवका काढतो, धातूची सुई किटलीच्या चोचीचं मूळ दुखावते, आणि दोन्ही हातातच तापतात.

ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व टोकाला छाओझौ आहे. हान नदीकाठचं जुनं शहर. गोंगफू चहाचं हे माहेर म्हणायला हरकत नाही. छाओझौचा गोंगफू चहा 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेला, आणि 2022 च्या नोव्हेंबरात चीनमधल्या पारंपरिक चहा बनवण्याच्या आणि पिण्याच्या रीती युनेस्कोच्या यादीत आल्या, त्यातही तो आहे. या शहरात चहा कुठेही चालू असतो. टायर बदलणाऱ्याच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, फुटपाथवर स्टूल टाकून. शेजारी फिनिक्स पर्वत आहे, तिथला दानत्सोंग जातीचा ऊलोंग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, इथल्या लोकांच्या रोजच्या पिण्यात.

पण छाओझौच्या घरांत तो सहा वस्तूंचा खोका मला जवळजवळ दिसलाच नाही. ताटली, केटल, किटली नाहीतर गायवान, तीन पेले. बस्स. पत्ती काढायला जुनी माणसं पांढरा कागद घेतात. डब्यातली पत्ती कागदावर ओततात, जाड आणि बारीक वेगळी करतात, मग जाड पत्ती तळाशी आणि चोचीच्या बाजूला, चुरा मधोमध, आणि वरून पुन्हा जाड पत्ती. अशी भरली की चुरा चोचीपर्यंत पोचतच नाही. एका दुकानातल्या आजी मला म्हणाल्या होत्या, "भरणं नीट असेल तर सुई कशाला लागते?" त्यांचं बरोबर आहे. खोक्यातला संच हा चहाघरांचा आहे. तैवानमध्ये 1970-80 च्या दशकांत चहाला कलेचं रूप देणारी चहाघरं वाढली, तीच शैली पुढे मुख्य भूमीवर पसरली, आणि तिच्याबरोबर टेबलावर हे सामान मांडायची पद्धत आली. तरी सुई माझ्याकडे आहे आणि मी ती वापरते, कारण पत्ती भरण्यात आजींचा हात माझ्याकडे नाही आणि बहुतेक वाचकांकडेही नसेल.

माझं मत सरळ आहे. सहामधल्या तीन वस्तू घ्याव्यात: पळी, सुई आणि चिमटा. त्या तिन्ही बांबूच्या किंवा फळझाडाच्या लाकडाच्या घ्याव्यात, आणि कशावरही लाख किंवा चकचकीत पॉलिश नसावं.

हे मला ज्यांनी शिकवलं ते छाओझौतले एक वयस्कर कारागीर. त्यांना सगळे शिफू, म्हणजे उस्ताद, म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांचा मूळ धंदा लाकडी कोरीवकामाचा. छाओझौचं सोन्याचा वर्ख लावलेलं कोरीवकाम प्रसिद्ध आहे. देवळांच्या तुळया, देव्हारे, जेवणाच्या नैवेद्याची कपाटं, त्यावर मासे, खेकडे, नाटकातली दृश्यं, एकामागे एक थर कोरलेली. ते काम 2006 पासून राष्ट्रीय यादीत आहे. त्यासाठी लागतं कापराच्या झाडाचं लाकूड. मऊ, कोरायला सोपं, आणि त्याच्या वासामुळे कीड लागत नाही. शिफूंच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकलं की तो वास अंगावर येतो.

आणि तेच लाकूड चहाला चालत नाही. ज्या वासामुळे देव्हारा शतकभर टिकतो त्याच वासामुळे पत्ती एका रात्रीत वाया जाते. म्हणून शिफू चहाच्या वस्तू त्या खोलीत करतच नाहीत. मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांचं वेगळं बाकडं आहे, वेगळे चाकू, वेगळ्या पटाश्या. कापराच्या लाकडाला लागलेलं हत्यार तिकडे जात नाही. लाकूड तिथे लोंगानचं, लिचीचं, नासपतीचं, चिनी बोराचं. सगळी फळझाडं. दाट, वास नसलेली, बारीक छिद्रांची. छिद्रं मोठी असली की चहाचा चुरा आणि ओल त्यात बसते. पाइन, देवदार, कापूर, चंदन, या सगळ्यांना बाहेरचा रस्ता. आपल्याकडच्या सागालाही मी घेणार नाही. सागात तेल असतं, नवा साग हुंगून बघा.

आता पळी कशी होते ते सांगते, कारण मी ती त्यांच्या शेजारी बसून बघितली आहे.

बांबूचा एक कांडा घेतात, मनगटाहून थोडा जाड. एका टोकाला पेर ठेवतात, दुसरं टोक उघडं. मग कांडा उभा धरून त्यावर जाड चाकू ठेवायचा आणि मोगरीने एक ठोका. चाकू दोन-तीन बोटं आत गेला की पुढचं काम बांबू स्वतः करतो, चर्रकन सरळ फाटत जातो. अर्धी नळी हातात येते, एका टोकाला पेराची भिंत आणि दुसऱ्याला मोकळं तोंड. पळीचं अर्धं रूप तयार. बांबूच्या आतल्या पोकळीला पांढरी पातळ कागदासारखी साल असते. ती पूर्ण खरवडून काढावी लागते, नाहीतर वाळल्यावर तिचे पापुद्रे सुटतात आणि चहात पडतात. बाजारातल्या स्वस्त पळ्यांमध्ये हे काम केलेलं नसतं. पळी उजेडाकडे तिरकी धरली की आत पांढरट चकाकी दिसते, ती दिसली की ठेवून द्यायची.

मग तोंड. शिफू आधी विचारतात, कोणता चहा पितेस? दानत्सोंगची पत्ती लांब असते, पिळलेल्या काळपट काड्यांसारखी. तिला लांब, उथळ पळी हवी, कडा बुटक्या, म्हणजे काड्या एका दिशेने झोपतात आणि मोडत नाहीत. थिएग्वानयिन हा दुसरा एक ऊलोंग, त्याची पत्ती गोळ्यांसारखी वळलेली, ती घरंगळते, तिला खोल पळी आणि उंच कडा. तोंडाची रुंदी गायवानच्या किंवा किटलीच्या तोंडापेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर कमी. कडा घासायला ते सँडपेपर शेवटपर्यंत घेत नाहीत. सांधे असलेल्या, वेतासारख्या दिसणाऱ्या एका वनस्पतीचे वाळलेले देठ असतात त्यांच्याकडे, पाण्यात जरा भिजवून वापरतात. त्या देठात वाळूचा अंश असतो. घासल्यावर लाकूड चमकत नाही, पण बोटाला रेशमासारखं लागतं, आणि सँडपेपरचे कण लाकडात रुतून राहत नाहीत.

पळीला तेल नाही, मेण नाही, काही नाही. कोरड्या पत्तीला लागणारी वस्तू कोरडीच राहायला हवी.

सुईवर ते सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि माझं मनही तिच्यावरच आहे. दिसायला काहीच नाही, वीतभर काडी, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला बहुधा चमच्यासारखी वळलेली. काम एकच: चोचीच्या मुळाशी अडकलेलं पान आत ढकलायचं. जुन्या घडणीच्या किटल्यांना चोचीच्या मुळाशी एकच भोक असतं. त्यात एक पान आडवं बसलं की धार बंद, आणि आत चहा कडू होत बसतो. अशा वेळी सुई चोचीतून आत घालून जोर द्यावा लागतो. जोर दिल्यावर सुई मोडली तर तिचा तुकडा चोचीत, आणि मग किटलीच गेली.

ती का मोडते? करवतीने चिरलेली असते म्हणून. करवतीला लाकडाच्या रेघेशी देणंघेणं नसतं, ती सरळ जाते. लाकडाचे तंतू मात्र थोडे वळत जातात. त्यामुळे चिरलेल्या काडीत तंतू मधेच कुठेतरी बाजूने बाहेर पडतात, आणि नेमकी तिथे ती तुटते. फोडलेल्या काडीत तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात, कारण ती फाटलेलीच तंतूंच्या वाटेने असते. ती वाकते, पण तुटत नाही. बाबा कुदळीचा दांडा फोडलेल्या लाकडाचाच घ्या म्हणायचे ते याच कारणाने. शिफू बोराच्या लाकडाचा ठोकळा कोयत्याने फोडतात, मग त्या फाटेचा फाटा, मग त्याचा फाटा, आणि शेवटी चाकूने सोलत आणतात. काडी थोडी वाकडी निघाली तरी चालते. वाकडी पण अखंड. दुकानातली सुई तपासायची असेल तर टोकाकडून डोळ्यासमोर धरून रेघा बघा. रेघा टोकापर्यंत धावत असतील तर घ्या. मधेच कडेला संपत असतील तर ती फक्त शोभेला.

टोकही फार बारीक नको. भोकात सहज जाईल इतकं, पण बोथट. टोचायचं नसतं, ढकलायचं असतं.

चिमट्याची गंमत त्याच्या वळणात आहे. एकच बांबूची पट्टी, मधोमध पातळ केलेली, मंद आचेवर धरून हळूहळू वाकवलेली. गरम झाला की बांबू वळतो आणि थंड झाला की तसाच राहतो. बांबूचे मजबूत तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतात, आत विरळ, म्हणून साल नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूला. आत घेतली तर बाहेरची बाजू वाकवतानाच फाटते. तपासायला सोपं आहे. चिमटा दाबून टोकं जुळवा. पूर्ण रुंदीभर टेकायला हवीत, नुसत्या एका कोपऱ्यावर नाही. सोडा, दोन्ही बाजू सारख्या उघडल्या पाहिजेत. मग एक पेला घ्या आणि त्याचा काठ पकडून उलटा करा. छाओझौचे पेले अंड्याच्या कवचासारखे पातळ असतात, त्यांच्या गोलाईला बसेल अशी बारीकशी खोलगट घळ चांगल्या चिमट्याच्या टोकाला आतून कोरलेली असते. ओल्या चिनीमातीवर बांबूची पकड धातूपेक्षा कितीतरी चांगली.

उरलेल्या वस्तूंबद्दल फार नाही सांगत. नरसाळं हवंच असेल तर बांबूच्या कांड्याची दोन बोटं उंचीची चकती पुरते, किटलीच्या तोंडावर ठेवायची. लेथवर काढलेली लाकडी नरसाळी खालून वाफ खाऊन तडकतात. चमचा सुईच्या दुसऱ्या टोकाला असतोच. आणि तो उभा डबा मला अजिबात पटत नाही. ओला चिमटा, ओली सुई त्यात उभी राहते, पाणी तळाला उतरतं, आणि ग्वांगदोंगमध्ये फेब्रुवारी-मार्चनंतर जी दमट हवा येते, भिंतींना घाम फुटतो, तेव्हा डब्याच्या बुडाशी हिरवी बुरशी धरते. कोकणातल्या आषाढात काय होईल ते सांगायला नको. सामान आडवं, उघड्यावर, वाऱ्याला ठेवावं.

वस्तू जुन्या दिसतात, पण त्यांचं आजचं रूप तितकं जुनं नाही. तांग काळात, आठव्या शतकात, लू यू नावाच्या माणसाने (733 ते 804) चहावर पुस्तक लिहिलं, 'छा जिंग'. त्याचा चौथा भाग फक्त भांड्यांवर आणि हत्यारांवर आहे. तेव्हा चहा वड्यांच्या रूपात असायचा. वडी शेकायची, कुटायची, चाळायची, मग उकळायची. लू यूने दळायच्या खलासाठी संत्र्याच्या झाडाचं लाकूड पहिल्या पसंतीचं मानलं, ते नसेल तर नासपती, तुती वगैरे. आकार सांगितला आतून गोल, बाहेरून चौकोनी. गोल, म्हणजे दळायचं चाक फिरतं. चौकोनी, म्हणजे खल कलंडत नाही. शिफूंच्या बाकड्यावर नासपतीचा तुकडा पाहिला तेव्हा मला ही ओळ आठवली. बाराशे वर्षांत लाकडाची निवड फारशी हललेली नाही.

त्याहून मला आवडतो त्याचा चिमटा, वडी आगीवर धरायचा. हिरव्या बारीक बांबूचा, एक छ दोन त्सुन लांब, म्हणजे आजच्या मापाने सुमारे 36 सेंटिमीटर. एका टोकापासून त्सुनभर, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर, अंतरावर पेर ठेवायचं आणि त्याच्या वरचा भाग उभा चिरायचा. पेर दोन्ही पाय बांधून ठेवतं, बिजागिरीसारखं काम करतं, वेगळी कडी नको, खिळा नको. आणि लू यू पुढे म्हणतो की आगीजवळ त्या ओल्या बांबूतून रस सुटतो, त्याचा सुवास चहाला लागतो आणि चव वाढते. पण हे रानात राहणाऱ्यालाच जमायचं. बाकीच्यांनी लोखंड किंवा तांबं वापरावं, ते टिकतं. मला हा माणूस यासाठी जवळचा वाटतो. चांगलं काय आणि टिकाऊ काय हे त्याने वेगळं ठेवलं, आणि दोन्ही लिहिलं.

टिकाऊपणाचं पुढे खरंच तसं झालं. 1987 मध्ये शान्शी प्रांतात फामन मंदिराखालचं तळघर उघडलं गेलं. 874 साली बंद केलेलं. त्यात तांग राजघराण्याची चहाची भांडी मिळाली, चांदीची, सोन्याच्या मुलाम्याची, दळायचा खलही त्यात आहे. ती आज काचेमागे बघता येतात. लू यूचा संत्र्याच्या लाकडाचा खल मात्र कागदावरच वाचायचा. लाकूड वापरलं जातं, भिजतं, झिजतं, चुलीत जातं. इतिहासाच्या पुस्तकांत चांदी का भरून राहिली आहे ते इथे कळतं.

नंतर सोंग काळात चहाची पूड घुसळून फेस काढायची पद्धत आली, तेव्हा बांबूची घुसळणी महत्त्वाची झाली. 1269 मधल्या एका सचित्र पुस्तिकेत चहाच्या बारा वस्तूंना सरकारी अधिकाऱ्यांची पदं दिली आहेत, त्यात वडी फोडायची लाकडी कुटणीसुद्धा आहे, पद आणि टोपणनावासकट. मग 1391 साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने, चु युआनचांगने, दरबाराला वड्यांचा चहा पाठवणं बंद करून सुट्या पत्तीचा मागवला. लोकांचा भार कमी व्हावा म्हणून. खल, कुटणी, घुसळणी यांचं काम हळूहळू संपलं. पत्ती सरळ गरम पाण्यात पडू लागली, किटली आली, किटलीला चोच आली, आणि चोचीत पान अडकू लागलं. सुईची गरज तिथून पुढची.

लाकडाच्या बाबतीत एक गोष्ट मला लिहायचीच आहे. फांगत्सुनमध्ये महागड्या संचांवर 'त्सथान' असं लिहिलेलं असतं. जांभळट काळं, जड, पाण्यात बुडणारं लाकूड. मिंग आणि चिंग काळात राजवाड्याच्या फर्निचरला हे लाकूड वापरत. ते बहुतांशी आपलं रक्तचंदन आहे, आंध्रच्या दक्षिण भागातल्या डोंगरांतलं, कडप्पा आणि चित्तूरकडचं. पहिल्यांदा एका दुकानदाराने ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी ते सहज कागदावर घासलं, लालसर रेघ उठली, आणि मला आमच्या घरातली रक्तचंदनाची बाहुली आठवली. आजी सहाणेवर उगाळून मुरगळलेल्या पायाला लावायची. आपल्याकडे कितीतरी घरांत अशी बाहुली असते. रक्तचंदनाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1995 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, निर्बंधांखाली आहे, तरी त्याची तस्करी थांबलेली नाही, आणि त्या जंगलांत त्यापायी माणसंही मेली आहेत. चहाच्या सुईसाठी या लाकडाची काही गरज नाही. बोराचं, नासपतीचं लाकूड ते काम तितकंच चांगलं करतं. दुकानदार खरं रक्तचंदन म्हणून देत असेल तर घेऊ नका, आणि रंगवलेलं दुसरं लाकूड देत असेल तर तो रंग गरम पाण्यात उतरेल, म्हणून तेही घेऊ नका.

देखभाल फारशी नाही. वापरून झालं की गरम पाणी, कधीही साबण नाही, कारण लाकूड साबण पितं आणि पुढच्या चहात परत देतं. पुसायचं, सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर बांबू तडकतो. चिमटा आणि सुई पाण्यात जातात, म्हणून त्यांना वर्षाकाठी एक-दोनदा तेलाचा हात. शिफू चहाबियांचं तेल वापरतात. ज्या झाडाची पत्ती आपण पितो त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाच्या बियांचं, ज्यांगशी आणि हुनानकडे ते स्वयंपाकातही चालतं. फिकं, जवळजवळ वासाचं नाही. थेंबभर फडक्यावर घ्यायचं, चोळायचं, एक दिवस ठेवून पूर्ण पुसून टाकायचं. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, त्यांचा वास राहतो आणि पुढे ते खवट होतं.

गेल्या सुट्टीत कुडाळला गेले तेव्हा माणग्याच्या बांबूची सुई करून बघितली. माणगा आपल्याकडे कुंपणाला, मांडवाला वापरतात. तो जवळजवळ भरीव असतो. म्हणून त्याची पळी होत नाही, पण सुईसाठी तो मला फार योग्य वाटला. भाऊ म्हणाला बांबू थंडीत तोडलेला आहे, अमावास्येच्या सुमाराला, भुंगा लागणार नाही. अमावास्येचं मला सांगता येणार नाही, पण थंडीचं शिफूही तेच सांगतात: पावसाळ्यात बांबूत साखर आणि पिठूळपणा जास्त, किडीला तोच हवा असतो. कोयत्याने फोडला, फाटे केले, बाबांच्या जुन्या चाकूने सोलला. सालीकडचा भाग सुईला घेतला, आतला मऊ भाग टाकून दिला.

ती सुई मी छाओझौला नेली. शिफूंनी दोन्ही टोकं धरून ती कमानीसारखी वाकवली, सोडली, ती सरळ झाली. मग रेघा बघितल्या. "हा बांबू आमच्याकडे नाही," म्हणाले, आणि चाकू घेऊन टोकाची जाडी थोडी उतरवली, कारण मी ठेवलेलं टोक छाओझौच्या लहान किटलीला जाड पडत होतं. मोठ्या किटलीला तसंच चाललं असतं. कुणी सिंधुदुर्गात करून बघणार असेल तर माप सांगून ठेवते: दांडा बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जरा जाड, टोकाला त्याच्या निम्मा, लांबी एक वीत, आणि तोडल्यावर बांबू निदान एक उन्हाळा सावलीत वाळलेला हवा.